रेंज गेली तरी चालणारा घरचा लॅपटॉप

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद केले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. त्यामुळे कॉलेजला असताना घेतलेले चौथ्या-पाचव्या पिढीचे आय३, आय५ लॅपटॉप घरोघरी कपाटावर जाऊन बसलेत. 'आता त्याला काय अर्थ नाही' असं म्हणून ते भंगारात जायच्या आधी हा लेख वाचा, एवढीच विनंती आहे. यातली बरीचशी मशीन अजून चांगली पाच वर्षं कामाची आहेत, आणि आपल्या बेळगाव भागात तर जरा जास्तच.

जास्तच म्हणायचं कारण आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, आमगावच्या पट्ट्यात पावसाळ्यात झाड पडून लाईट जाते, मग टॉवरची बॅटरी उतरली की रेंजही जाते. बेळगाव, निपाणी, चिकोडीसारख्या ठिकाणी एवढं होत नाही, तरी पोरांच्या परीक्षेच्या आदल्या रात्रीच नेट बंद पडल्याचा अनुभव सगळ्यांना आहे. दुसरी गोष्ट लिपीची. घरात मराठी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी आणि कचेरीत कन्नड. कन्नड कानावरून कळतं पण वाचता येत नाही अशी माणसं घराघरात आहेत.

तर आपल्याला असा लॅपटॉप तयार करायचा आहे, जो लाईट आणि रेंज दोन्ही नसताना घरातल्या फोनांना विकिपीडिया पुरवेल, मराठी आणि कन्नड दोन्ही लिहील, कन्नड कागद वाचायला हातभार लावेल, आणि पावसाच्या संध्याकाळी भावंडांना एकत्र खेळायला चार चांगले गेम देईल. शनिवार-रविवारात होणारं काम आहे. डाऊनलोडला लागेल तो वेळ वेगळा.

आधी मशीन पारखून घ्या

प्रोसेसर ६४ बिटचा हवा. २०१२ नंतरचा लॅपटॉप असेल तर ती काळजी सहसा नसते. स्क्रीन धड असावी, कळा चालाव्यात, चार्जर मूळचा किंवा तेवढ्याच व्होल्टचा असावा. रॅम, डिस्क, बॅटरी बदलता येतात.

लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगत असेल, टचपॅड वर उचललं गेलं असेल किंवा खालचं झाकण फुगलं असेल तर आतली बॅटरी फुगलेली आहे. अशा मशीनला चार्जर लावू नका, बॅटरी दाबू नका, टोचू नका. दुरुस्तीवाल्याकडून ती आधी काढून घ्या आणि मगच पुढचं बघा. या एका बाबतीत धाडस नको.

चालू केल्यावर तारीख दर वेळी काही वर्षं मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. बहुतेक मशीनमध्ये तो सीआर२०३२ असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. किरकोळ वाटणारी ही गोष्ट फार छळते. तारीख चुकीची असली की ब्राउझर जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळाला 'सुरक्षित नाही' म्हणतो आणि माणूस व्हायरस शोधत बसतो.

घाटाकडच्या गावात लॅपटॉप बरेच पावसाळे बंद पडून राहिला असेल तर पंख्यात ओलसर धुळीचा थर जमलेला असतो. ब्लोअरने उडवताना पंख्याची पाती काडीने अडवून धरा. हवेच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरला तर त्याचं बेअरिंग जातं.

एसएसडी आणि रॅम

जुना लॅपटॉप रखडतो तो बहुतेक वेळा फिरत्या हार्ड डिस्कमुळे. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर चालणारी डिस्क) घातली की फरक पहिल्याच सुरुवातीला दिसतो. २५६ जीबीची पुरते. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट हवा असेल तर ५१२ घ्या. रॅम ४ जीबी असेल तर काम चालतं, ८ केली तर आणखी काही वर्षांची बेगमी होते.

रॅम घेताना एक गोष्ट नीट बघा. डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला सारख्याच, खाचही एकाच जागी. पण पहिली १.५ व्होल्टवर चालते आणि दुसरी १.३५ वर. चौथ्या-पाचव्या पिढीच्या पातळ लॅपटॉपांना डीडीआर३एलच लागते. साधी घातली तर मशीन चालूच होत नाही. जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या आणि तिच्या स्टिकरवर 'पीसी३' पुढे 'एल' आहे का ते दाखवून तशीच मागा.

उघडायची पद्धत अशी. चार्जर काढा, बॅटरी सुटी होत असेल तर काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा. एका कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं ढोबळ चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच्या जागी चिकटपट्टीने लावत जा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर तो वरच्या बाजूने कीबोर्ड फोडून येतो. जुनी हार्ड डिस्क साडेनऊ मिलीमीटर जाड असू शकते, एसएसडी सात मिलीमीटर. जागेत हलत असेल तर खोक्यात येणारी प्लास्टिकची चौकट लावा.

काढलेली हार्ड डिस्क टाकू नका, पुसूही नका. तिच्यासाठी यूएसबीची एक केस मिळते, त्यात ती बसवली की बाहेरची डिस्क तयार. जुने फोटो, लग्नाचे व्हिडिओ, टायपिंगच्या फायली सगळं जसंच्या तसं तिच्यावर राहतं. नवी यंत्रणा नव्या एसएसडीवर आणि जुना डेटा जुन्या डिस्कवर, दोघांचा एकमेकांना धक्का नाही. बॅकअपची यापेक्षा सोपी पद्धत मला माहीत नाही.

लिनक्स मिंट उतरवून पेनड्राइव्हवर चढवणं

विंडोजच्या जागी आता लिनक्स ही मोफत यंत्रणा बसवायची. तिचे प्रकार पुष्कळ. पहिल्यांदा करणाऱ्याने लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी असं माझं ठाम मत आहे. दिसायला विंडोजच्या जवळची, हलकी, आणि २२ या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. मिंटवाले स्वतः किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा सांगतात, आरामात चालायला ४ जीबी आणि १०० जीबी.

फाइल साधारण तीन जीबीची आहे. गावात रेंज येत-जात असेल तर ब्राउझरने उतरवू नका, टोरंटने उतरवा. टोरंट फाइलचे तुकडे करतो, प्रत्येक तुकडा तपासून घेतो आणि नेट तुटलं तर तिथूनच पुढे सुरू करतो. टोरंट म्हणजे चोरीचा माल अशी समजूत पसरली आहे, पण मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरच टोरंटची फाइल ठेवलेली असते.

उतरवलेली फाइल ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. विंडोजवर रुफस किंवा बलेना एचर उघडा, फाइल दाखवा, पेनड्राइव्ह निवडा, सुरू करा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं जाईल. आणि पेनड्राइव्ह ओळखीच्या दुकानातून घ्या. जत्रेत, ऑनलाइन सेलमध्ये 'दोन टीबी' छापलेले स्वस्त पेनड्राइव्ह मिळतात. आत खरी चिप लहान असते आणि क्षमता खोटी सांगायला लावलेली असते. तेवढी जागा भरली की पुढच्या फायली दिसतात पण उघडत नाहीत. शंका आली तर विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हा छोटा प्रोग्राम पूर्ण जागा लिहून-वाचून खरं माप सांगतो.

आता लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावा आणि चालू करताना बूट मेनूची कळ टिचक्या मारत दाबा. डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एस्केप, एसरला एफ१२ (पण एसरमध्ये तो मेनू आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, जाऊन सुरू करावा लागतो). मेनूत पेनड्राइव्हचं नाव दिसलं की निवडा.

मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच उघडतो, डिस्कला हात लावत नाही. लगेच 'इन्स्टॉल' दाबू नका. वायफाय दिसतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, एवढं बघून घ्या. वायफाय दिसत नसेल तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा आणि मेनूतला 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. ब्रॉडकॉमची वायफाय कार्डं बहुतेक तिथे मार्गी लागतात.

मग इन्स्टॉल. नवी एसएसडी असल्यामुळे 'डिस्क पुसून बसवा' हा पर्याय बिनधास्त निवडता येतो. जुनी डिस्क यूएसबीने जोडलेली असेल तर या वेळेला ती काढून ठेवा. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करा, वेळेसाठी कोलकाता निवडा, आणि पासवर्ड घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.

एकाच कीबोर्डवर मराठी आणि कन्नड

सेटिंग्जमध्ये 'कीबोर्ड', त्यात 'लेआउट'. 'सिस्टिमचे डिफॉल्ट वापरा' ही खूण काढली की खाली भाषा जोडता येतात. इंग्रजी राहू द्या आणि इंडियनच्या यादीतून मराठी व कन्नड घ्या. भाषा बदलायला ऑल्ट-शिफ्टची जोडी ठरवून टाका आणि खालच्या पट्टीवर 'कीबोर्ड लेआउट'चं चिन्ह लावा, म्हणजे सध्या कुठली लिपी चालू आहे ते डोळ्यासमोर राहतं.

पद्धत निवडताना दोन रस्ते आहेत. एक इनस्क्रिप्ट, भारतीय मानक, १९९१ सालापासून ठरलेलं. दुसरी कगप, कन्नड गणक परिषतेच्या मांडणीवरून आलेली ध्वनीवर चालणारी पद्धत. मिंटच्या यादीत ती कन्नडसाठी आहे तशी मराठीसाठीही आहे. इंग्रजी स्पेलिंगच्या सवयीने टाइप करणाऱ्याला कगप लवकर बसते.

पण शाळेत जाणाऱ्या मुलांना मी इनस्क्रिप्टच शिकवा म्हणेन, आणि ते आपल्या भागासाठीच. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं असतात, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना जागा त्याच. 'के'च्या कळीवर क, 'एच'वर प, 'एल'वर त, 'जे'वर र, 'व्ही'वर न. काना 'ई'वर, पहिली वेलांटी 'एफ'वर, दुसरी 'आर'वर, पाय मोडायचा हलन्त 'डी'वर. ऑल्ट-शिफ्ट दाबून कन्नडला गेलात की त्याच कळांवर कन्नडचे क, प, त, र, न आणि तीच काना-वेलांटी. कन्नडला ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ हे जादाचे स्वर आहेत; त्यांच्या खुणा 'झेड'वर आणि १ च्या डावीकडच्या कळीवर. मराठी टाइप करणारं पोर दोन-चार दिवस तक्ता समोर ठेवून बसलं तर कन्नडही टाइप करू लागतं.

जुन्या डीटीपीच्या फायली उघडल्यावर अगम्य चिन्हं दिसली तर फाइल बिघडली असं समजू नका. त्या युनिकोडच्या (आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतांच्या) आधीच्या फॉन्टमध्ये असतात, म्हणजे आत इंग्रजी अक्षरं आणि वर देवनागरीचा वेष. त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वापरून त्या युनिकोडमध्ये आणता येतात.

कन्नड कागद वाचायचा असेल तर

आलेली नोटीस, जमिनीच्या पहाणीचा उतारा, शाळेचं परिपत्रक. मजकुराचा अर्धा भाग ऐकला तर कळेल असा असतो, अडतं ते अक्षरावर. त्यासाठी ही साखळी वापरा.

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून जीइमेजरीडर हा फोटोतली अक्षरं ओळखणारा (ओसीआर) प्रोग्राम घ्या आणि त्याच्या आत ओळखायचं काम करणाऱ्या टेसरॅक्टचे कन्नड आणि मराठीचे भाषासंच बसवा. अक्षरं ओळखायचं हे काम लॅपटॉपवरच चालतं, कागदाचा फोटो कुठे पाठवावा लागत नाही. घरच्या कागदांच्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे. कागदाचा फोटो दिवसा खिडकीपाशी, वरून सरळ, सावली न पाडता घ्या. जीइमेजरीडरमध्ये तो उघडा, भाषा कन्नड निवडा, मजकुराच्या भागाभोवती चौकट ओढा आणि ओळखायला सांगा. पूर्ण पान एकदम देण्यापेक्षा एकेक परिच्छेद किंवा तक्त्याचा एकेक रकाना दिलात तर चुका बऱ्याच कमी होतात. शिक्के आणि हाताने लिहिलेलं जमत नाही, ते सोडून द्या.

बाजूला उमटलेला कन्नड मजकूर उचला आणि अक्षरमुख या संकेतस्थळावर टाका (एवढ्यापुरतं नेट लागतं). एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला देवनागरी निवडा. भाषा तीच राहते, लिपी तेवढी बदलते. आता तो कागद मोठ्याने वाचा. ग्राम, ताल्लूकु, विस्तीर्ण, दिनांक, सर्वे नंबर हे डोळ्यांना लगेच ओळखू येतं, आणि 'हेसरु' (नाव), 'तंदे' (वडील) हे बाजारात कन्नड बोलणाऱ्या कुणालाही कळतं. यंत्राकडून थेट भाषांतर घेण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त विश्वासाचा वाटतो. भाषांतर चुकलं तर चुकलेलं कळत नाही. इथे मूळ शब्द तुमच्यासमोर असतो आणि अडलेला एखादा शब्द शेजारी विचारता येतो. सही करायच्या किंवा जमिनीच्या कागदावर मात्र जाणकाराकडून मूळ प्रत वाचून घ्यायचीच. ओसीआर एखादा आकडाही चुकवू शकतो.

विकिपीडिया घरात आणून ठेवणं

या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत प्रिय असलेला भाग हा. किविक्स नावाचा मोफत प्रोग्राम आहे. अख्खा विकिपीडिया तो 'झिम' नावाच्या एका फायलीत बांधून देतो. एकदा उतरवला की नेट लागत नाही, शोधही त्यातच चालतो.

किविक्सच्या ग्रंथालयात भाषेची चाळणी मराठी लावा आणि काय काय आहे ते बघा. मराठी विकिपीडिया इंग्रजीच्या मानाने फारच लहान, तो चित्रांसकट घ्या. कन्नडही घ्या. इंग्रजीचे तीन प्रकार मिळतात: 'मॅक्सी' म्हणजे चित्रांसकट सगळं, १०० जीबीच्या वर, 'नोपिक' म्हणजे चित्रं वगळून सगळा मजकूर, साधारण त्याच्या निम्मा, आणि 'मिनी' म्हणजे प्रत्येक लेखाची प्रस्तावना. २५६ जीबीच्या एसएसडीवर नोपिक बसतो. पोरं दहावीला असतील, म्हणजे एसएसएलसीला, तर पीएचईटीची फाइल आवर्जून घ्या. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेला हा विज्ञानाच्या प्रयोगांचा संग्रह आहे. विद्युतमंडल जोडून बघणं, लंबक हलवून बघणं माउसने करता येतं. त्यातल्या बऱ्याच प्रयोगांची मराठी भाषांतरंही झालेली आहेत. हाताने दुरुस्ती करणाऱ्याला आयफिक्सिटचीही फाइल आहे, फोन-लॅपटॉप उघडायच्या सचित्र पायऱ्यांची.

एवढ्या मोठ्या फायली गावातल्या मोबाइल डेटावर उतरवू नका. बेळगावात कुणा नातेवाइकाकडे फायबर असेल तर तिथे टोरंट लावून या आणि बाहेरच्या डिस्कवर घेऊन जा. इथे बहुतेक जण अडतात. पेनड्राइव्ह किंवा कार्ड एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेलं असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर जातच नाही, जागा कितीही मोकळी असो. फाइल फार मोठी आहे अशा अर्थाचा संदेश येतो आणि माणूस गोंधळतो. तो पेनड्राइव्ह किंवा कार्ड रिकामं करून आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा; जुन्या फोटोंची डिस्क मात्र फॉरमॅट करू नका, सगळं पुसलं जाईल.

किविक्समध्ये फाइल उघडली, 'बेळगाव' शोधलं, लेख आला, म्हणजे निम्मं काम झालं. आता ते फोनांना वाटायचं.

खालच्या पट्टीवरच्या नेटवर्कच्या चिन्हावर जा आणि नवं वायफाय नेटवर्क तयार करायचा पर्याय घ्या. नाव द्या, पासवर्ड द्या. लॅपटॉपच आता हॉटस्पॉट झाला. किविक्सच्या मेनूत 'लोकल किविक्स सर्व्हर' आहे, तो सुरू करा. तो एक पत्ता दाखवतो. या पद्धतीने केलेल्या हॉटस्पॉटवर तो सहसा १०.४२.०.१ आणि पुढे विसर्गासारखे दोन टिंब देऊन ८०८० असा असतो. फोन त्या वायफायला जोडा आणि ब्राउझरच्या वरच्या पट्टीत हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका, सुरुवातीला एचटीटीपी लिहून, शेवटचा 'एस' न लावता.

इथे अँड्रॉइड एक अडचण करतो. या वायफायला इंटरनेट नाही हे त्याला कळतं आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो; मग पान उघडत नाही. 'इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहू द्यायचं का' अशी सूचना येते तेव्हा हो म्हणा, किंवा त्या वेळेपुरता मोबाइल डेटा बंद करा. एवढं झालं की घरातल्या कुठल्याही फोनवर, काही बसवल्याशिवाय, ग्रंथालय उघडतं.

बॅटरी किती साथ देईल ते एक्सएफसीईच्या पॉवर मॅनेजरमध्ये 'डिव्हाइसेस'खाली दिसतं: बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता. आताची निम्म्यावर असली तरी स्क्रीन मंद करून हे काम बराच वेळ चालतं. निम्म्याच्या खूपच खाली असेल तर बॅटरी बदला. घरी फायबर असेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घ्या. राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच.

गेम: कॅसलरॉकचा घाट लॅपटॉपवर

जुन्या लॅपटॉपवर आजचे जड गेम चालणार नाहीत. आणि 'जुना गेम आहे म्हणजे फुकट' असंही नसतं, हक्क तसेच राहतात. पण कायद्याने मोफत आणि खरोखर उत्तम असे गेम भरपूर आहेत. एका लॅपटॉपवर आळीपाळीने खेळायला बॅटल फॉर वेसनॉथ, भावंडांच्या शर्यतीला सुपरटक्सकार्ट (ग्राफिक्स खालच्या पायरीवर ठेवून), लहानांना जीकॉम्प्री. जुने गेम चालवणारा स्कमव्हीएम बसवलात तर १९९४ सालचा बिनीथ अ स्टील स्काय खेळता येतो, त्याच्या निर्मात्यांनी तो २००३ पासून मोफत केला आहे. सगळे सॉफ्टवेअर मॅनेजरमधून मिळतात.

माझा जीव मात्र ओपनटीटीडीवर आहे. १९९०च्या दशकात ख्रिस सॉयरने बनवलेल्या ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्सवरून २००४ मध्ये लोकांनी पुन्हा उभा केलेला हा गेम. रूळ टाका, स्टेशनं बांधा, सिग्नल लावा, माल आणि माणसं वाहा. त्यात आपला मुलूख आणता येतो.

टँग्रॅम हाइटमॅपर या संकेतस्थळावर नकाशा लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर, कुळे या गोव्याकडे उतरणाऱ्या रेल्वेच्या भागावर आणा. तिथे उंच जमीन पांढरी आणि सखल जमीन काळी दिसते. ते चित्र पीएनजी म्हणून उतरवा आणि ओपनटीटीडीच्या हाइटमॅपच्या (उंचीच्या नकाशांच्या) फोल्डरात ठेवा. गेममध्ये नवा नकाशा बनवताना हाइटमॅप निवडा, आकार ५१२ गुणिले ५१२ पुरे. सह्याद्रीची कड समोर उभी राहते: उजवीकडे बेळगावचं पठार, डावीकडे एकदम खाली गोवा.

आता सेटिंगमध्ये गाडीच्या वेगाचं मॉडेल 'रिअलिस्टिक' ठेवा आणि चढाची तीव्रता बघा. गेममध्ये ती मुळातच ३ टक्के असते. कॅसलरॉक ते कुळे या प्रत्यक्ष ब्रागांझा घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. म्हणजे गेममधला चढ आपल्या घाटाच्या जवळजवळ बरोबरीचा आहे. खालून वर एका इंजिनाने लांबलचक मालगाडी काढून बघा. पहिल्या दोन चढांवर वेग उतरतो, तिसऱ्यावर गाडी रांगते आणि मागे अडकलेल्या गाड्यांची रांग लागते. मग दुसरं इंजिन जोडा, किंवा डबे कमी करा, किंवा रूळ वळवून चढ लांबवर पसरवा. त्या घाटात खऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं का लावतात हे दहावीतल्या पोराला अर्ध्या तासात समजतं. आपल्या हॉटस्पॉटवरच दोन लॅपटॉप जोडून एकाच नकाशावर दोघांना खेळता येतं, नेट लागत नाही.

नेट असेल तेव्हा

नेट असताना करून ठेवायच्या दोन गोष्टी. एक, ऑरगॅनिक मॅप्स या फोनच्या अ‍ॅपमध्ये कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र तिन्हीचे नकाशे फोनवर उतरवा. एकाच राज्याचा ठेवलात तर चोर्ल्यापुढे किंवा निपाणीच्या पलीकडे रस्ता दिसायचा बंद होतो, आणि रेंजही नेमकी तिथेच जाते.

दुसरी गोष्ट नकाशात भर घालायची. हे नकाशे ओपनस्ट्रीटमॅपवरून येतात. २००४ पासून लोकांनी भरत आणलेला नकाशा आहे, म्हणजे आपली वाडी, आपलं देऊळ, आपला ओढा त्यात नसेल तर तो आपण घालायचा. खातं काढा, ब्राउझरमध्येच संपादन उघडा, गावाच्या टिंबावर क्लिक करा. नावाच्या चौकटीशेजारच्या अधिकच्या खुणेवरून भाषा जोडता येतात. तिथे मराठी निवडून मराठीत आणि कन्नड निवडून कन्नडमध्ये, दोन्ही नावं भरा. आहे ते नाव खोडू नका, शेजारी आपलं जोडा. दोघांनाही आपापल्या लिपीत गाव सापडतं. इनस्क्रिप्ट शिकलेल्या पोराला सरावासाठी याहून चांगलं काम नाही.

जुन्या वेबची आवड असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर वेळ घालवा. १९९६ पासून ते जाळ्यावरची पानं साठवत आले आहेत. शाळा-कॉलेजच्या, बंद पडलेल्या वर्तमानपत्रांच्या जुन्या संकेतस्थळांचे पत्ते त्यांच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून बघा. डॉसचे जुने गेम तिथे ब्राउझरमध्येच चालतात. वेबवरचे गेम आणि अ‍ॅनिमेशन चालवणारा फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झाला, पण रफल हे एक्स्टेंशन फायरफॉक्सला जोडलं की त्यातले पुष्कळ गेम आणि अ‍ॅनिमेशन परत हलायला लागतात.

वर्षभराची देखभाल

सगळं मनासारखं झालं त्याच दिवशी मिंटमधला टाइमशिफ्ट उघडून यंत्रणेचा एक स्नॅपशॉट घ्या. पुढे कुणी काही बिघडवलं तर यंत्रणा त्या दिवशीच्या स्थितीला परत नेता येते. घरच्या फायली मात्र त्यात धरू नका, त्या बाहेरच्या डिस्कवर वेगळ्या ठेवा. अपडेट मॅनेजर आठवड्याला एकदा चालवा.

किविक्सच्या फायली दर वर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत नव्या उतरवून घ्या. नवी फाइल उघडून, दोन-चार लेख आणि शोध चालवून बघितल्याशिवाय जुनी पुसू नका. पावसाळ्यात लॅपटॉप भिंतीला लागून किंवा जमिनीवर ठेवू नका, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि वापर नसला तरी आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा, म्हणजे आतला ओलावा निघून जातो. विजा कडाडायला लागल्या की चार्जर बोर्डातून काढा आणि बॅटरीवर चालवा.